काचेच्या पेटीतला बांध

मोदकपात्र अर्धं घासून झालं होतं. आतली जाळी साबणानं लख्ख निघाली होती. बुडाचा काळा थर मात्र तसाच होता, आणि गोदा त्यावर काथ्यानं जोर काढत मोरीत बसली होती. नागपंचमीचा दिवस. तवा ठेवायचा नाही, चिरायचं नाही, तळायचं नाही, जमीन खणायची नाही. सगळा स्वयंपाक उकडीचा, त्यामुळे पातोळ्यांच्या हळदीच्या पानांचा वास मोरीपर्यंत आला होता.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आवाज आला. खट्.

आवाज काही मोठा नव्हता. देवघरात पाटावरच्या नागाला लाह्या वाहत बसलेल्या चारुलतावहिनींना तो ऐकूही गेला नाही. गोदाचा हात मात्र जागच्या जागी थांबला. खालची बैठक सरकली की दगड असा एकदाच बोलतो. मग थोडा वेळ गप्प राहतो, आणि मग पडतो. हे तिला कुणी सांगायला नको होतं. आठव्या वर्षापासून ती बापामागे दगड उचलत आली होती.

तशीच ओल्या हातांनी ती बाहेरच्या खोलीत गेली.

कर्जतच्या त्या घरात बाहेरच्या खोलीची अख्खी भिंत आता काचेच्या पेटीनं घेतली होती. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, दोन फूट उंच, आणि आत खारं पाणी. वहिनींचा मुलगा मिहीर रसायनीच्या कारखान्यात इंजिनीअर. लग्नाचं बघू म्हटलं की पुढच्या वर्षी म्हणायचा, पण समुद्र मात्र त्यानं याच वर्षी घरात आणला. पेटीत पांढऱ्या, सच्छिद्र दगडांचा डोंगर होता, साठ-पासष्ट किलोंचा. दगड समुद्रातले नव्हते, त्यासाठीच घडवलेले होते. पुढे त्यांच्यावर प्रवाळ लावायचे होते, आणि त्यांच्या परवान्याचे कागद नीट झाल्याशिवाय काही आणायचं नाही हे मिहीरनं आईला कबूल केलं होतं.

तो डोंगर आता पुढे कलला होता. सगळ्यात वरचा ताटाएवढा दगड समोरच्या काचेला टेकून उभा होता. त्याच्या बुडाशी, काचेला लागूनच, वाळूत हातभर लांब बोगदा पडला होता, आणि बोगद्याच्या तोंडाशी बोटाएवढा मासा डोळे वटारून बसला होता. त्याच्या मागे त्याची जोडीदार कोळंबी वाळूचा एकेक कण ढकलत बाहेर आणत होती. एवढा गोंधळ होऊनही तिचं काम चालूच होतं.

गोदा काचेसमोर उकिडवी बसली. आपण हे बोललो होतो, एवढंच तिच्या मनात आलं.

खरोखरच बोलली होती. वटपौर्णिमेच्या आठवड्यात खोपोलीचा जगदीश हा डोंगर रचायला आला होता. मत्स्यपेट्या लावून देण्यात त्याचं नाव आहे. त्यानं आधी तळाला चार बोटं वाळू पसरली, मग वाळूवर दगड मांडले, आणि दगडाला दगड पांढऱ्या लुकणानं चिकटवले. केर काढताना गोदा थांबली आणि म्हणाली, "दादा, रेतीवर पाया? रेती हलली का दगड येनार खाली."

जगदीश वळलासुद्धा नाही. "मावशी, हे शेताचं बांधकाम नाही. तुम्ही तुमची भांडी बघा."

मिहीर हसला. वहिनीही हसल्या. गोदानं केर भरला आणि आत गेली. तसंच हसणं ती वर्षभर ऐकत होती.

गोदा डोंगराखालच्या ठाकरवाडीतली. तिचा बाप धाऊ सिमेंट न वापरता दगडाचे बांध घालायचा. उतारावरची भाताची खाचरं त्या बांधांवर उभी असायची. धाऊला मुलगा नव्हता, म्हणून पहार पोरीच्या हातात आली. दगड ठेवायचा, त्याच्याकडे पाठ करायची आणि टाचेनं दाबायचा. खट् वाजला की काढायचा आणि फिरवून ठेवायचा. गप्प बसेपर्यंत वर दुसरा दगड चढवायचा नाही. धाऊनं तिला एवढंच शिकवलं, पण ते शिकायला दहा वर्षं लागली. पुढे लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि गोदा कळंबकडच्या शेतघरांवर दगडकामाला जाऊ लागली. तिथे कामावरच्या वहीत तिच्या नावापुढे कायम बिगारी लिहिलं जायचं. शेजारी तिच्याकडून शिकलेला पोऱ्या बसायचा, त्याच्या नावापुढे गवंडी. गोदानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा लोक हसले.

मागच्या वर्षी राजेश ठेकेदारानं तिला कळंबला एका शेतघराभोवती उंच बांध घालायला लावला. जागा भरावाची होती, नुकती माती टाकून सपाट केलेली. गोदा म्हणाली, माती खणून खालचा मुरूम लागू दे, मगच पहिला दगड ठेवू. राजेशला शेतघराचे पाहुणे येण्याच्या आत काम हवं होतं. तो म्हणाला, "मुरूम तू शोधत बस, मी दुसरा माणूस बघतो." गोदानं बांध घातला. ती चूक तिची. पहिल्याच पावसाळ्यात भराव बसला आणि बांध आडवा झाला. राजेशनं गावभर सांगितलं की ठाकरणीचा बांध पडला. भरावाबद्दल चकार शब्द नाही. वर धाऊची पहार आणि घण त्यानं आपल्या खोलीत टाकून कुलूप लावलं. ती मागायला गेली तेव्हा चार माणसांत म्हणाला, "ज्या दिवशी तुझा दगड जागचा हलणार नाही ना, त्या दिवशी ये आणि ने."

त्यानंतर दगडाच्या कामाला तिला कुणीच बोलावलं नाही. ती कर्जतला धुणीभांडी करू लागली. हातानं भांडी घासायची, पण नजर जाता-येता भिंतींवर असायची.

"वयनी!" गोदानं हाक मारली. "मिहीरदादाला बोलवा. बिगीनं."

मिहीर आला, बघितलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. समोरची काच फुटली तर साडेआठशे लिटर खारं पाणी खोलीभर झालं असतं, आणि पहिला धक्का समोरच्या देवघरालाच बसला असता. त्यानं जगदीशला फोन लावला.

"हात लावू नका," जगदीश म्हणाला. "आज घरी पूजा आहे. उद्या येतो."

"तोवर काच राहील?"

"राहील ना. बहुतेक."

"बहुतेक म्हंजे काय रं?" गोदा मागून म्हणाली.

मिहीरनं बाह्या वर केल्या. "मागच्या बाजूची वाळू उकरतो. दगड मागे बसेल."

"खणू नकोस!" दारात हातात फुलांची परडी घेऊन वहिनी उभ्या होत्या. "आज पंचमी आहे, मिहीर."

"आई, ही पेटीतली वाळू आहे!"

"वाळू म्हणजे जमीनच. खाली कुणी जीव असेल, नसेल."

"खाली जीव आहेच, आणि त्यानंच हे खणलंय!"

माशानं बोगद्यातून तोंड बाहेर काढलं आणि तिघांकडे पाहिलं.

"त्याला पंचांग कुनी वाचून दाखवलं नसंल," गोदा म्हणाली.

अशा वेळीही वहिनींना हसू फुटलं. गोदा मात्र उठून उभी राहिली होती. "खणू नका. रेती उकरली तर उरलेला पन येईल. वयनी, उचलायला तर चालतंय ना आज?"

वहिनींनी क्षणभर देवघराकडे पाहिलं. "उचलायला चालतं."

"मग व्हा बाजूला."

"गोदामावशी, साबण!" मिहीर ओरडला. "साबणाचा एक थेंब गेला तरी सगळे मासे मरतील."

गोदा परत मोरीत गेली. खांद्यापर्यंत दोन्ही हात साध्या पाण्यानं तीनदा धुतले, हातातल्या काचेच्या बांगड्या काढून वहिनींच्या परडीत ठेवल्या. मिहीरनं विजेची सगळी बटणं बंद केली. मग गोदा स्टुलावर चढली आणि खांदा बुडेपर्यंत हात पाण्यात घातला.

काचेला टेकलेल्या दगडाला तिनं हातच लावला नाही. आधी मागचे तीन काढले, मग उजवीकडचा. मिहीर म्हणाला, "अहो, तो पडतोय, तो आधी काढा." ती म्हणाली, "तो पडत नाय, तो धरून हाय. ह्ये समदे त्याच्या अंगावर हायेत. गप ऱ्हा." जगदीशचं लुकण हाताला लागलं तसं सुटत होतं. शेवटी तो ताटाएवढा दगड अंगावरून ओझं उतरावं तसा मोकळा झाला. तो तिनं दोन्ही हातांनी वर काढला आणि स्टुलावरून उतरून खाली ठेवला.

काच शाबूत होती. वहिनींनी पेटीलाच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी जगदीश आला तेव्हा मासे हवेच्या नळीसकट निळ्या पिंपात होते, पाणी दुसऱ्या पिंपांत होतं, आणि दगड मिठाच्या पाण्यात भिजत पडले होते. त्यानं पिशवीतून लुकणाची मोठी पाकिटं काढली. "या वेळी डबल लावतो. मागच्या वेळी जरा कमी पडलं."

"कमी लुकण नाय पडलं," गोदा म्हणाली. हातात झाडू होता. तो तिनं कोपऱ्यात उभा केला. "डोंगर मी रचनार."

जगदीशनं मिहीरकडे पाहिलं. "हे काय आता?"

"त्याच्याकडं काय बघतो? मी बोलत्ये. दोन महिन्यांपूर्वी पन मीच बोलले व्हते."

"मावशी, ही काच आहे. दगड पडला तर तुमच्या अंगाशी येईल."

"माझ्या अंगाशी कदीचं आलंय. एक बांध दुसऱ्याच्या सांगन्यावरून भरावावर घातला, त्याचं नाव माझ्या कपाळाला लागलं. आता दुसऱ्यांदा नाय. ह्या घरात रोज यायचं, आणि तुझ्या डोंगराखालचा केर काढायचा? त्यापरीस काम सोडत्ये."

मिहीर म्हणाला, "मावशी, पण तुम्ही पाण्यातलं काम कधी केलंयत का?"

"नाय केलं. तुमी तरी कुठं केलं व्हतं?"

तेव्हा वहिनी पुढे झाल्या. "मिहीर, ती म्हणाली होती तेव्हा मीही हसले होते. ते मला काल रात्रभर बोचत होतं. तिला रचू दे." मग जगदीशला म्हणाल्या, "तुम्ही बसा, चहा घ्या. नाही जमलं तर तुम्ही आहातच."

गोदानं एकच मागणी केली. पेटीच्या तळाएवढी जागा पडवीत आखून द्या. वहिनींनी मिहीरकडून मापं घेतली आणि रांगोळीनं सहा फूट बाय अडीच फुटांचा चौकोन काढला. आत आणखी एक रेघ काढली, काचेपासून वीतभर सोडून, कारण काच पुसायचं चुंबक मागूनही फिरलं पाहिजे आणि पाणी दगडांच्या पाठीमागून वाहिलं पाहिजे. "ही रेघ ओलांडायची नाही," वहिनी म्हणाल्या. "आमची लक्ष्मणरेषा समज." गोदा म्हणाली, "माझी नाय. दगडांची."

पहिला दगड ठेवण्याआधी गोदानं तो कपाळाला लावला. धाऊची रीत. वहिनींच्या हातात हळदकुंकवाचा करंडा होताच. मिहीरनं डोळे मोठे केले, तेव्हा त्यांनी कुंकू दगडाऐवजी पेटीखालच्या लाकडी घोडीला लावलं.

मग गोदा बसली. एकेक दगड हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवायची. ज्याला तीन पाय सापडतील तो खाली, ज्याला दोनच तो बाजूला. खालचे मोठे, आतल्या अंगाला जरा कललेले. दोन दगडांच्या सांध्यावर तिसरा. मध्ये आरपार जाणारा एक लांबट दगड, दोन्ही बाजू बांधून ठेवणारा. फटीत दगडाचीच कपची. पाणी जायला वाटा मोकळ्या. प्रत्येक थर झाला की पाठ करायची, टाचेनं दाबायचं, कान द्यायचा. जगदीशचा चहा गार झाला तरी तो बघतच होता.

दुपार टळली तेव्हा पडवीत डोंगर उभा होता, दोन कडे आणि मधून खिंड. लुकणाचा ठिपका नाही.

"ढकल," गोदा म्हणाली.

जगदीशनं बोटानं ढकललं.

"बोटानं काय, नवी नवरी हाय काय ती? पंजा लाव."

त्यानं पंजा लावला, मग खांदा लावला. डोंगर गप्प होता.

मग थरांची खूण लक्षात ठेवून डोंगर उतरवला आणि रिकाम्या पेटीत पुन्हा चढवला. तळाच्या काचेवर आधी मिहीरनं प्लॅस्टिकची जाळी अंथरली, म्हणजे दगडाचं टोक काचेला लागणार नाही. वाळू नाही. दगड थेट जाळीवर. अर्धं पाणी भरलं, आणि सगळ्यांना ऐकू गेलं. खट्.

गोदाचा चेहरा उतरला. तिनं हात घालून चाचपलं. पडवीत घट्ट बसलेली कपची बोटांनी सहज निघाली. तिनं दुसरा दगड उचलून पाहिला. तो पाण्यात निम्म्यानं हलका झाला होता. बांध उभा राहतो तो दगडाच्या वजनावर. इथे पाणीच वजन उचलून धरत होतं.

"बघा," जगदीश हळूच म्हणाला. "शेताचं बांधकाम नाही हे, म्हणालो होतो."

गोदाचा हात अजून पाण्यातच होता. सांगायचं की लपवायचं, हे तिच्या मनात आलं असेल, पण ती लपवणाऱ्यांतली नव्हती. "हे मला म्हाईत नव्हतं," ती म्हणाली. "पान्यात दगड हलका व्हतो. चुकले. पानी काढा."

"आणि?"

"आनि तुझं लुकण दे. दगडाला नाय लावायचं. नुसतं कपच्यांना. दगड आपल्या पायावर उभा ऱ्हाईल, कपची निसटनार नाय."

जगदीशनं स्वतःहून भोकं पाडायचं यंत्र काढलं. "त्या लांब दगडातून सळई घालू. लोखंड नाही, गंजायचं. फायबरची. तो दगड दोन्ही कड्यांना धरून ठेवेल."

"घाल. पन आदी माजा दगड गप बसू दे, मग तुझी सळई."

संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांवर खेकसत काम करत होती. त्यातच गोदानं राजेशची आणि कुलपातल्या पहारीची गोष्ट सगळ्यांना सांगून टाकली. तो मळून द्यायचा, ती दाबायची. लुकण वाळलं, पाणी भरलं, शेवटी दगडांच्या भोवती वाळू ओतली. आवाज आला नाही. वहिनींनी मोरीत जाऊन पाहिलं, तर मोदकपात्र आदल्या दिवसापासून तसंच पालथं पडलेलं. त्यांनी पदर खोचला आणि ते स्वतः घासून काढलं.

खरी परीक्षा घेणारा अजून पिंपात होता. तीन दिवसांनी पाणी निवळल्यावर मिहीरनं तो मासा आणि त्याची कोळंबी आत सोडली. तासाभरात दोघांनी नेमका डाव्या कड्याच्या पायाशी मुक्काम केला आणि खणायला सुरुवात केली. गोदा रोज कामाला आली की आधी तिथे उकिडवी बसायची. वाळू एक बोट गेली, दोन बोटं गेली. मिहीर म्हणाला, काठीनं बुजवू का? गोदा म्हणाली, "हात लावायचा नाय. खणू दे त्याला. दमू दे."

नारळी पौर्णिमेला जगदीश पाणी तपासायला आला. कर्जतला समुद्र कुठला, पण या घरात आता होता, म्हणून वहिनींनी पेटीच्या घोडीशी नारळ ठेवून निरांजन ओवाळलं होतं. स्वयंपाकघरात नारळीभात होता. जगदीश जमिनीवर पालथा झाला आणि विजेरी लावून दगडाखाली बघू लागला. माशानं वाळू पार तळापर्यंत नेली होती. खालची जाळी उघडी दिसत होती. दगडाखालून आरपार उजेड जात होता, आणि दगड आपल्या तीन पायांवर उभा होता. त्यानं हात घालून हलवून पाहिलं. पुन्हा हलवलं, या वेळी दात ओठ खाऊन.

"हलत नाही," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोल. वयनींना आत ऐकू गेलं नाय."

"हलत नाही!" जगदीश हसत उठला. कपडे झटकले. "गोदाबाई, खोपोलीला पुढच्या महिन्यात एक पेटी लावायची आहे. याहून मोठी. याल?"

'मावशी'ची 'गोदाबाई' झालेली तिच्या कानानं बरोबर टिपली. "यीन. पन गवंडी म्हनून यीन. वहीत तसं लिवायचं. बिगारी लिवलंस तर तिथंच दगड टाकून येईन."

"गवंडीच लिहितो."

मिहीर म्हणाला, "मावशी, मी त्या राजेशला फोन करतो. पेटीचा फोटो पाठवतो, मासा खणताना दिसतोय असा. बघू दे त्याला."

"आणि मी चार ओळी लिहून देते," वहिनी म्हणाल्या.

गोदानं पदराला हात पुसले. परडीतल्या बांगड्या दहा दिवसांपासून देवघराच्या कोनाड्यात होत्या. त्या तिनं एकेक करून हातात चढवल्या. "नको, वयनी. चिठ्ठी नको, फोटू नको. मला यायला सांगितलंय त्यानं, चार मान्सांत. दगड हलला नाय तर ये म्हनला. मी जानार, आनि ती चार मान्सं असतील तवाच जानार."

"आणि त्यानं पहार नाही दिली तर?" वहिनींनी विचारलं.

"तर त्याच्या दारात बसंन. भरावाचं काय झालं, ते येनाऱ्या-जानाऱ्याला सांगंन. मला घाई नाय."

वहिनींनी नारळीभाताचा डबा भरून तिच्या हातात दिला. गोदानं विचारलं, उद्या भांडी वहिनी उरकतील का. वहिनी म्हणाल्या, उरकतील.

उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं तिला कळंबला जायचं होतं, राजेशच्या खोलीतून धाऊची पहार आणि घण आणायला.